ठेंगणं ठुसकं वाण

डिसेंबरातल्या एका दुपारी तळमजल्यावरच्या वहिनींकडे चहा पिता पिता मी एक वाक्य बोलून गेले आणि पुढचे दोन महिने ते निस्तरत बसले. वाक्य साधं होतं. "या वर्षी रथसप्तमीचं हळदीकुंकू माझ्याकडे. वाण म्हणून रोपं देईन. टमाटरची, घरात वाढवलेली."

खोलीत आम्ही सातआठ जणी होतो. एकीने चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच तुटून कपात पडलं.

गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. आमची मल्टी, म्हणजे इंदुरी भाषेत फ्लॅटची इमारत, बडा गणपतीच्या मागच्या अंगाला आहे आणि तिच्यात मराठी घरं बरीच आहेत. कुणाचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते म्हणून इथे आले, कुणाचे आजोबा मिलमध्ये कारकून होते म्हणून. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आळीपाळीने प्रत्येक घरी हळदीकुंकू होतं आणि घरची बाई बाकीच्यांना काहीतरी वस्तू देते, ते वाण. वाटी, चाळणी, साबणाची डबी, सियागंजात घाऊक मिळेल ते. नवरा गेलेली बाई यात नसते. तिला कुणी येऊ नको म्हणत नाही. तिला म्हणतात, "तुम्ही फक्त येऊन बसा हो, ताई." ते 'फक्त' मी दोन संक्रांती ऐकलं होतं आणि मला त्याची चीड आली होती.

वहिनी मनाने वाईट नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ताई, कशाला त्रास घेता. वो क्या है ना, थंडीत रोपं फालतू में मरून जातील, मग तुम्हालाच वाईट वाटेल. असं करू, मी तीस वाट्या आणून ठेवते. रोपं नाहीच झाली तर त्या देऊ. तुमच्याच नावाने."

म्हणजे माझ्या फजितीची सोय आधीच झाली होती. आता रोपं झालीच पाहिजेत, हे मी तिथेच ठरवलं. तीस रोपं, आणि तीही अशी की ती पाहून कुणाच्या तोंडून 'बिचारी' निघू नये.

घरी आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. त्या शहाऐंशीच्या, सासरे जाऊन बावीस वर्षं झालेली. हळदीकुंकवाच्या दिवशी पहिली बेल वाजली की माळ घेऊन आतल्या खोलीत जायचं आणि शेवटची बाई गेली की बाहेर यायचं, हा त्यांचा नेम. कुणी घातलेला नाही, त्यांनीच घालून घेतलेला. माझा बेत ऐकून त्या म्हणाल्या, "आपल्यातल्या बायका वाण देत नाहीत गं." 'आपल्यातल्या' म्हणजे आम्ही दोघी.

मी म्हटलं, "रोपाला काय कळतंय आई, हात कुणाचा आहे ते."

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. प्रकाशसंश्लेषणाची आकृती अजूनही डोळे मिटून काढेन. पण प्रत्यक्षात माझ्या हातून एका कढीपत्त्याशिवाय काही जगलेलं नाही, आणि तोही पावसाच्या भरवशावर. तरी मला वाटलं, त्यात काय मोठंसं. बी, माती, पाणी. बाहेर ठेवायची सोय नव्हती, कारण गॅलरी कबुतरांनी बळकावलेली आणि रात्रीचा गारठा असा की आमची तुळससुद्धा वाळून गेली होती. म्हणून सगळं घरात. शेवेचे प्लास्टिकचे डबे आमच्याकडे ढिगाने असतात. इंदुरात ज्याच्या घरी ते नसतील तो माणूस आजारी आहे असं समजावं. त्यांना खालून भोकं पाडली, माती भरली, बी पेरलं आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडले. खिडकी उत्तरेची. जीवशास्त्राच्या बाईंच्या हे लक्षात यायला हवं होतं.

नवव्या दिवशी रोपं वर आली. मी मल्टीच्या ग्रुपवर फोटो टाकला. वहिनींनी हात जोडल्याची तीन चित्रं आणि एक गुलाब पाठवला.

पुढच्या चार दिवसांत रोपांनी भराभर उंची घेतली. आमच्याकडे उंच मुलांचं फार कौतुक, त्यामुळे मीही फुशारले. मग नीट पाहिलं तर ती सुतासारखी बारीक, फिकट, लंबूटांग झाली होती. पंगतीत वाढपी यायला उशीर झाला की सगळे जसे त्याच्या दिशेला माना वळवून बसतात, तशी सगळीच्या सगळी खिडकीकडे वाकलेली. आणि एका सकाळी दोन डब्यांतली रोपं मातीवर आडवी पडलेली दिसली. बुडाशी दांडा तपकिरी, केसासारखा बारीक. दुसऱ्या दिवशी आणखी दोन डबे गेले. चष्मा लावून मी माती पाहिली. ती चिकट, ओलीकच्च होती, आणि तिच्यावर एक अक्षत आणि झेंडूची एक पाकळी होती.

मला सगळा उलगडा झाला. आमच्याकडे देवांना रोज दूधसाखरेचं स्नान असतं. ते तीर्थ मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं. इतकी वर्षं ते तुळशीत जायचं. आता तुळस वाळलेली, आणि गॅलरीचा उंबरा आईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. त्यामुळे मी अंघोळीला गेले की त्या प्रत्येक डब्यात एकेक पळी तीर्थ घालत होत्या. वर मी दोन वेळा पाणी घालतच होते. रोपांनी जगायचं तरी कसं.

मी भडकले. "देवाच्या पाण्यानेच मेली माझी रोपं. आता कृपा करून त्यांना हात लावू नका."

आई देवघरासमोरच्या पाटावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुझं काम व्हावं. म्हणून घालत होते."

ज्या बाईने आपल्यातल्या बायका वाण देत नाहीत म्हणून सांगितलं, तीच रोज सकाळी माझ्या वाणासाठी देवाचं पाणी घालत होती. मला लाज वाटली. पण तीस वर्षं वर्गात चढलेला आवाज खाली कसा आणायचा हे मला येत नाही. मी उरलेला एक डबा पिशवीत घातला आणि ऑटो करून बायपासच्या बाजूच्या नर्सरीत गेले.

नर्सरीच्या मालकाला सगळे भियाच म्हणतात, म्हणजे इंदुरी भैया. त्याने डबा हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, बोटाने माती दाबली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं झालं.

"मैडम, ये तो उजाला ढूँढ रिये हैं. जिसको उजाला नी मिलता वो लंबा हो जाता है, तगड़ा नी होता. और आपने इनको मायके आई लड़की जैसा रख लिया. गरम जगे, बैठे-बैठे पानी. भोत लाड हो गया."

"मग काय करू?" मी मराठीतच विचारलं. इंदुरात ते चालतं.

"लाइट इनके माथे पे लाओ, चार अंगुल ऊपर. पंखे की हवा दो. पानी नीचे से पिलाओ, वो भी जब डब्बा उठाने में हल्का लगे. और दिन में दो-चार बार हाथ फेरो."

"हात?"

"हाँ, ऐसे." त्याने एका मोठ्या ट्रेमधल्या रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवला. रोपं एकदम झुकली आणि परत सरळ झाली. "बाहर होते तो हवा हिलाती. घर में कौन हिलाएगा? हिलेगा तो तना मोटा करेगा. ठिगना रहेगा, पर गिरेगा नी."

हे पुस्तकात होतं. परीक्षेला येत नसे म्हणून दरवर्षी मी ते पान उलटून पुढे जात असे. निघताना भियाने नवीन बी दिलं आणि सांगितलं की रोप उचलायचं झालं तर पानाला धरून उचलायचं, दांड्याला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं. दांडा पिचला तर रोप गेलं.

रथसप्तमी त्या वर्षी उशिरा होती, फेब्रुवारीच्या मध्यात. म्हणजे हातात सहाएक आठवडे होते. दुसऱ्यांदा पेरायला तेवढे पुरेसे होते, पण तिसऱ्यांदा पेरायला नाही. ही खेप गेली की वहिनींच्या वाट्या.

उजेड वरून द्यायचा तर काहीतरी रॅक हवी होती. घरात एकच होती, यजमानांची, त्यांच्या फायलींची. दोन वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसत होते, पण फाइल एकही हलवली नव्हती. त्या दिवशी सगळ्या काढून पलंगाखाली ठेवल्या. वरच्या फळीला दोरीने ट्यूबलाइट बांधली, खाली डबे मांडले. विजेच्या कामाची त्यांना भारी हौस. हेच त्यांनी दहा मिनिटांत केलं असतं आणि पुढची वीस मिनिटं माझ्या वायरींच्या गुंत्यावर बोलत बसले असते. मला ते बोलणं त्या दुपारी फार हवं होतं. मी रॅकच्या पायाशी बसून थोडा वेळ रडले आणि मग उठून टेबलफॅन शोधला.

भर जानेवारीत घरात पंखा सुरू झाला. आईंनी एकावर एक दोन शाली घेतल्या आणि तक्रार केली नाही, हीच तक्रार होती. रॅककडे त्या फिरकत नव्हत्या. तीर्थाची वाटी सबंध स्वतःच पिऊन टाकायच्या. माझ्याशी बोलायच्या, पण भाजीत मीठ आहे का, दूध आलं का, एवढंच.

रोपं उगवली. या वेळी ट्यूब इतकी जवळ होती की त्यांना कुठे वाकायला जागाच नव्हती. पाणी मी खालच्या ताटलीत घालत होते, डबा उचलून हलका लागला तरच. राहता राहिला हात. ते काम माझ्याने होईना. मी कामाच्या धांदलीत विसरत असे, आणि आठवलं की वह्या तपासाव्यात तसा घाईघाईने हात फिरवून मोकळी होत असे.

एका सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर आई रॅकपाशी उभ्या. एका हाताने फळी धरलेली, दुसरा हात रोपांवरून सावकाश फिरत होता. ओठ हलत होते. मला पाहून त्यांनी हात चटकन मागे घेतला.

"हे तरी करू, का हेही नको?" त्यांनी विचारलं.

माफी मागणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची उचलली, रॅकपाशी नेऊन ठेवली आणि तिच्यावर उशी ठेवली. आई बसल्या. पुन्हा हात पुढे केला.

त्या दिवसापासून त्यांचा जप तिथेच होऊ लागला. माळ मांडीवर ठेवायच्या आणि मण्यांऐवजी रोपांवर मोजायच्या. एक नाव, एक हात. सकाळी एकशे आठ, संध्याकाळी एकशे आठ. भियाने दोन-चार वेळा सांगितलं होतं, पण देवाच्या कामात काटकसर आईंना चालत नाही. बोटांना पानांचा हिरवट डाग पडायचा आणि तळव्यांना टमाटरच्या पानांचा तो उग्र वास यायचा. तो त्यांना इतका आवडला की जेवायला बसेपर्यंत त्या हात धूत नसत. "माझ्या माहेरी मळा होता," एकदा म्हणाल्या. चोवीस वर्षांच्या संसारात मला हे पहिल्यांदा कळलं.

रोपं आता बघण्यासारखी होत होती. बोटभर उंच, त्याच्या वर जायचं नावच नाही. दांडा जाड, जांभळट, बारीक लव असलेला. पानं काळपट हिरवी आणि रुंद. पंखा सुरू झाला तरी जागची हलत नव्हती. अशांना आमच्याकडे ठेंगणं ठुसकं म्हणतात. मुलगी दाखवायच्या वेळी हा शब्द फारसा कौतुकाचा नसतो, पण मी तर त्या रोपांची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती.

संक्रांत झाली तशी मल्टीत घरोघरी सुगडं रिकामी झाली. ही पूजेची छोटी मातीची बोळकी, ऊस, बोरं, गाजर भरून एकमेकींना दिलेली. नंतर त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. मी सगळ्या घरांतून ती गोळा केली. खिळा ठोकून बुडाला भोकं पाडताना चार फुटली. मग एका रविवारी आई आणि मी डब्यांतली रोपं सुगडांत लावायला बसलो. भियाचं पानाला धरायचं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी ते मलाच दिवसभरात बारा वेळा ऐकवलं. संध्याकाळपर्यंत तीस सुगडं भरली. माझ्या हिशेबाने एक रोप जास्तीचं होतं, पण ते कुठे दिसेना. माझंच मोजणं चुकलं असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

रथसप्तमीला सकाळी अंगणाऐवजी गॅसवरच दूध उतू घातलं, दारात सूर्याची रांगोळी काढली. मी हिरवी साडी नेसले. हिरव्याबद्दल मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही, पण नेसले. वहिनी चारलाच आल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. कुंकू त्या लावतील आणि वाण मी देईन, असं ठरलं होतं. त्यांच्या दुसऱ्या हातात एक जड पिशवी होती. ती त्यांनी सोफ्याच्या मागे सारली. मी न पाहिल्यासारखं केलं.

मग त्यांनी रोपं पाहिली. खाली वाकून पाहिली. एका रोपाला बोटाने टिचकी मारली. "ताई, ये तो बाज़ार की लगती हैं," त्या म्हणाल्या. "घरात केली? खरंच?"

बेल वाजली. आई माळ घेऊन उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मी थांबवलं नाही. कसं थांबवायचं ते मला माहीत नव्हतं.

बायका आल्या, घर भरलं. वहिनी कुंकू लावत होत्या, मी एकेकीच्या पदरात सुगड ठेवत होते. 'बिचारी' कुणी म्हटलं नाही. सगळ्या रोपांबद्दलच बोलत होत्या, पाणी किती, ऊन किती. मी सुखात होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेच्या हातातून पदर सांभाळता सांभाळता सुगड निसटलं आणि फरशीवर फुटलं. माती पसरली. ती बिचारी घाबरली आणि पटकन वाकून तिने रोप दांड्याला पकडलं.

"दांड्याला धरू नकोस गं. पानाला धर, पानाला."

आवाज आतून आला होता. त्याच्या पाठोपाठ आई आल्या. काठी टेकत, माळ मनगटाला गुंडाळलेली, चेहऱ्यावर नुसता राग. तीस बायका उभ्या होत्या त्यांच्यामधून त्या सरळ चालत आल्या, सोफ्यावर बसल्या आणि हात पुढे केला. "आण इकडे. भांडं द्या काहीतरी."

मग वहिनी सोफ्याच्या मागे गेल्या आणि पिशवीतून एक नवी कोरी वाटी काढून आईंच्या हातात दिली. आईंनी पानाला धरून रोप त्यात ठेवलं, बोटांनी माती दाबली आणि त्या मुलीला म्हणाल्या, "घरी गेल्यावर कुंडीत लाव. आणि रोज हात फिरव याच्यावरून. नाहीतर लांबेल आणि पडेल." मुलीने पदर पुढे केला. आईंनी वाटी त्यात ठेवली.

पुढची बाई आईंसमोर जाऊन उभी राहिली. मग तिच्या मागची. मी सुगड उचलून आईंच्या हातात देत होते आणि त्या प्रत्येकीला पानाचं आणि हाताचं सांगून ते तिच्या पदरात ठेवत होत्या. बावीस वर्षं आत बसलेली बाई बाहेर आली आहे, हे बहुधा त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं. कुणी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही. या मल्टीतल्या बायकांवर माझा राग असतो, पण त्या संध्याकाळी त्यांनी मला जिंकलं.

सगळ्या गेल्यावर मी फरशीवरची माती पुसत होते. आईंनी आतून हाक मारली. गेले तर त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीत, औषधांच्या डब्यामागे, एक सुगड होतं. त्यात ते एकतिसावं रोप, सगळ्यांत जाड दांड्याचं. त्या रविवारीच त्यांनी ते बाजूला काढून ठेवलं होतं.

"पदर घे पुढे," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांत लोकांनी मला पुष्कळ दिलं होतं. धीर दिला, सल्ले दिले, डबे दिले. पण पदर पुढे करून घ्यावं असं कुणी काही दिलं नव्हतं. मी पदर पसरला. आईंनी सुगड त्यात ठेवलं आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थेट त्या रोपावर पडायला लागलं.

"वरून नको घालूस गं," आई म्हणाल्या. "खालून द्यायचं असतं."